न काढलेली चित्रं

हेमलता नलवडे यांनी आयुष्यात कधीच न काढलेली बावीस चित्रं त्यांच्या मुलीनं एका दालनात उभं राहून पाहिली आणि तिला ती फार आवडली. आवडली हेच वाईट झालं.

दालन पुण्यातल्या एका मोठ्या कलासंग्रहालयाचं होतं. महिनाभरानं तिथं हेमलताबाईंच्या सगळ्या कारकिर्दीचं प्रदर्शन भरणार होतं. त्यासाठी रेवतीनंच आईच्या पत्र्याच्या ट्रंका गडहिंग्लजहून पुण्याला पोचत्या केल्या होत्या. ट्रंकांमध्ये कॉलेजातली रेखाटनं होती, जुन्या प्रदर्शनांची निमंत्रणं होती, वाळून दगड झालेल्या रंगांच्या ट्यूब होत्या, आणि एसटीच्या तिकिटांमागं काढलेली शेजारच्या प्रवाशांची डोकीही होती. आई काही टाकतच नसे.

पण या दालनात ट्रंकांतलं काहीच नव्हतं. हिरण्यकेशी नदीचा घाट, उसाच्या फडातून जाणारी वाट, दोरीवर वाळत घातलेली लुगडी. रंग आईचे, ऊन आईचं, दगडांवरची सावलीसुद्धा आईचीच.

"ही आईची नाहीत?" रेवतीनं पुन्हा विचारलं.

"नाहीत," प्रदर्शनाचा संयोजक मल्हार बेडेकर म्हणाला. पस्तिशीचा, हळू बोलणारा माणूस. गेलं वर्षभर तो या कामात बुडालेला होता. "पण झाली असती."

दाराशी पाटी होती: 'रिकामी वर्षं : १९९८ ते २००५. या काळात हेमलता नलवडे यांनी चित्रं काढली नाहीत. काढली असती, तर ती अशी असती.'

रेवतीचा जन्म १९९८ चा.

मल्हारनं हे कसं साधलं, ते समजायला अवघड नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाचं अक्षर आपण वहीवरचं नाव न वाचताही ओळखतो. तो 'ल' कुठून सुरू करतो, कुठं दाबतो, कुठं घाई करतो, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. रोज बघून बघून ते डोळ्यांत बसतं. 'हस्तालेख' नावाची संगणकप्रणाली हेच करत असे, फक्त तिचे डोळे फार बारीक होते. चित्रकाराची लहानमोठी हजारो रेखाटनं तिला दाखवली, की हात कुठं जोर देतो, कुठं वळतो, कुठं थांबून श्वास घेतो, याचा ती एक आलेख मांडी. हात वयानुसार बदलतो, तसा आलेखही हळूहळू वळत जाई. मग त्या वळणाच्या आधारानं प्रणाली पुढचा अंदाज बांधे. नदीचं पात्र दोन गावांत पाहिलं, तर मधल्या गावात ते कुठून जात असेल याची कल्पना करता येते, तसंच हे.

हेमलताबाईंच्या बाबतीत मात्र पात्र जुळेना. १९९८ च्या आधीचा हात कॉलेजात घोटलेला, सरळ, खात्रीचा. २००६ नंतरचा हात अडखळत चालणारा, रेघ न उचलता कुठूनही कुठं जाणारा. याच दुसऱ्या हातानं त्यांना नाव मिळवून दिलं. त्यांची ती एका पायाची पाखरं देशभर ओळखीची झाली. पण पहिल्या हाताचा दुसरा हात कसा झाला, हे प्रणालीला सांगता येईना. ट्रंकांत त्या आठ वर्षांचा एक कागद नव्हता. प्रणालीनं निष्कर्ष काढला: आघात. मग मल्हारनं तिला सांगितलं, आघात झाला नसता असं धर. प्रणालीनं पहिला हात सरळ पुढं चालवला आणि बावीस चित्रं काढली.

"पुस्तिकेत एक लेखही आहे," मल्हार म्हणाला. "एक पाय नसलेलं पाखरू म्हणजे घर-संसारानं अडवलेली चित्रकार, असा. हेमलताताईंनी सही केली की हे दालन उघडता येईल. त्यांचा हात वापरलाय ना, त्यांची परवानगी लागते. तुम्ही गडहिंग्लजला जाताय म्हणालात—"

"जातेय," रेवती म्हणाली. "विचारते."

गाडीत बसल्यावर तिला नऊ वर्षांची रेवती आठवली. आईचं ते कितीतरी वर्षांनी लागलेलं पहिलं प्रदर्शन, कोल्हापुरातला एक हॉल. रेवती नव्या फ्रॉकमध्ये पाहुण्यांना पेढे वाटत होती. दोन बायका चित्रापुढं उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "मुलगी झाली आणि आठ वर्षं फुकट गेली बिचारीची." मग तिनं वळून पेढा घेतला आणि रेवतीच्या गालाला हात लावून म्हणाली, "गोड आहेस हं."

हे तिनं कधी आईला सांगितलं नाही. खरंच का, असंही विचारलं नाही. उत्तर 'हो' आलं तर ते घेऊन कुठं जायचं, हे तिला तेव्हा कळत नव्हतं आणि आता पन्नाशी आली तरी कळत नव्हतं. आणि आज त्या आठ वर्षांना चौकटी लावून कुणीतरी भिंतीवर टांगलं होतं. तिच्यामुळं काय काय झालं नाही, ते तिला आता एकेक करून बघता येत होतं.

---

"जेवलीस काय?" आईनं दारातच विचारलं.

"वाटेत खाल्लं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे बिस्किट. ये आत."

हेमलताबाई ऐंशीला टेकल्या होत्या. हात थरथरत नव्हता, गुडघे मात्र कुरकुरत. गडहिंग्लजच्या याच दोन खोल्यांच्या कौलारू घरात त्या लग्न होऊन आल्या होत्या. नवरा हायस्कूलात गणित शिकवायचा. सगळं गाव त्यांना नलवडे सर म्हणे आणि हेमलताबाईही सरच म्हणत. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्याला चल म्हटलं की हेमलताबाई म्हणत, "तिथलं ऊन मला ओळखत नाही."

स्वयंपाकघरात पाटावर बसवून त्यांनी रेवतीपुढं गूळपाणी ठेवलं. रेवतीनं टॅबलेट काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पदरानं हात पुसले, चष्मा लावला आणि बावीसच्या बावीस चित्रं एकेक करून पाहिली. काही मागं जाऊन पुन्हा पाहिली. रेवतीनं तोवर गुळाचा खडा हातातच धरून ठेवला होता.

"हात चांगलाय," शेवटी त्या म्हणाल्या.

"आवडली?"

"चांगली आहेत की. माझ्यापेक्षा नेटकी आहेत. पण ह्या बाईला पोर नव्हतं गं."

"म्हणजे?"

"हे बघ की. एवढी लुगडी वाळत घातलीत दोरीवर. एक तरी दुपटं आहे काय? बाळाचं नेसूचं फडकं? माझी दोरी त्या वेळी दुपट्यांनीच भरलेली असायची. लुगडं घालायला जागा नसायची." त्या हसल्या. "ही कोण बाई आहे ती बरीच निवांत दिसते. कुठं करायची सही?"

रेवतीला हसू आलं नाही.

"आई, तू त्या आठ वर्षांत काय करत होतीस?"

"तुला जेवू घालत होते."

"आठ वर्षं?"

"तू खायचीस कुठं! एक घास गालात धरून बसायचीस, गालाला हा एवढा फुगा. सर शाळेतनं यायचे तरी सकाळचाच घास तोंडात. तुझी आजी म्हणायची, ही पोर हवा खाऊन जगणार."

"मग?"

"मग काय. एक घास काऊचा, एक घास चिऊचा. पण तुझा नुसत्या बोलण्यावर विश्वास नव्हता. कुठं आहे काऊ, दाखव म्हणायचीस. मग बंबातला कोळसा घ्यायचा आणि ह्या भिंतीवर काऊ काढायचा. एका घासाला एक. काऊ झाला की चिऊ, चिऊ झाली की मोर. मोराला तू दोन घास खायचीस, पिसारा मोठा म्हणून."

"ह्या भिंतीवर?"

"ही काय, मांडणीच्या बाजूला. तुझा पाट इथंच असायचा." त्यांनी भिंतीकडं हात केला. भांड्यांची लोखंडी मांडणी, तिच्या बाजूला कमरेएवढा हिरवा ऑइलपेंट, वर फिकट डिस्टेंपर. "भिंत भरली की दिवाळी यायचीच. सर चुना भिजत घालायचे, त्यात चिमूटभर नीळ, आणि घायपाताचा कुंचला घेऊन वरनं हात मारायचे. भिंत कोरी. झालं, पुन्हा सुरू. शाळेत जायला लागलीस तरी संध्याकाळचं जेवण भिंतीशीच. मग पुढं तुला आपली आपण भूक लागायला लागली आणि भिंतीला ऑइलपेंट आला. दे, सही करते. पोरगा वर्षभर खपलाय म्हणालीस ना?"

त्यांनी बोट पडद्याकडं नेलं.

"थांब," रेवती म्हणाली. "सही करू नकोस."

ती आईकडं बघत नव्हती. भिंतीकडं बघत होती.

---

रेवतीचा व्यवसायच भिंतींच्या आत बघण्याचा होता. जुने पूल, धरणांचे बांध, पाण्याच्या टाक्या यांच्या पोटात कुठं भेग आहे ते ती शोधून काढी. त्यासाठी लागणारं 'थरदर्शी' नावाचं यंत्र त्या दिवशीही गाडीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी तिला आजऱ्याकडचा एक पूल तपासायचा होता. जगभरच्या भिंतींत डोकावणारी ही बाई ज्या भिंतीला पाठ लावून जेवली, तिच्यात मात्र कधी डोकावली नव्हती.

थरदर्शी काय करतं? विहिरीत वाकून हाक मारली की ती पाण्यावर आपटून परत येते. पाणी खोल असेल तर उशिरा येते, वर असेल तर लवकर. थरदर्शीही हाक मारतं, पण आवाजाची नाही. रेडिओच्या लहरी आणि उजेडाच्या लहरी यांच्या मधल्या कुळातल्या काही लहरी आहेत. त्या कोरड्या चुन्यातून, रंगातून, कागदातून सहज आरपार जातात. मात्र एक थर संपून दुसरा लागला, की त्या सीमेवर थोडीशी लहर मागं फिरते. प्रत्येक थराकडून एकेक हाक परत आली, की कोणती किती उशिरा आली त्यावरून थर मोजता येतात. कोळसा मात्र या लहरी गिळून टाकतो. म्हणून चुन्याखाली कोळशाची रेघ असेल, तर तिथली हाक परत येत नाही आणि त्या जागी काळी रेघ दिसते. पाणीही असंच गिळतं. ओल असलेल्या भिंतीपुढं हे यंत्र आंधळं होतं. पण दिवस वैशाखाचे होते. भिंत पापडासारखी कोरडी होती.

तिपाईवर यंत्र ठेवून रेवतीनं ते भिंतीशी लावलं. पडद्यावर करडं धुकं आलं आणि बघता बघता सगळंच पांढरं झालं.

"आई! गॅस बंद कर!"

"चहा टाकलाय. चहा नको तुला?"

"वाफ नको मला!"

"चहाची वाफसुद्धा चालत नाही? तुझं यंत्र तुझ्यासारखंच आहे, खायलाप्यायला उठलं की रुसतं," म्हणत हेमलताबाईंनी गॅस बंद केला आणि पाट ओढून पडद्यापुढं येऊन बसल्या.

ऑइलपेंट सरला, डिस्टेंपर सरलं, चुना लागला. चुन्याचा थर नखाएवढासुद्धा जाड नव्हता. पण वर्षभराच्या स्वयंपाकाचा धूर आणि फोडण्या यांचा एक तेलकट पापुद्रा दर वर्षीच्या चुन्यावर बसलेला होता, त्यामुळं एक वर्ष दुसऱ्यापासून नीट सुटं दिसत होतं. रेवती बटण अगदी हळू फिरवत आत गेली.

आधी एक पंख दिसला. मग चोच. मग पडदा पाखरांनी भरून गेला.

कावळे, चिमण्या, साळुंख्या, मोर. एकावर एक, एकात एक. कुणी पाठमोरं, कुणी पंख फेंदारलेलं, एक तर टोपी घातलेलं. रेवती आणखी एक वर्ष आत गेली, पुन्हा थवा. आणखी आत, आणखी थवा. दर दिवाळीला उडवून लावलेली पाखरं कुठंच गेली नव्हती. चुन्यात दडून बसली होती.

"अगं बाई," हेमलताबाई म्हणाल्या. "हा टोपीवाला. हा तुझ्या शाळेचा शिपाई होता. त्याच्या घासाला तू वांगं खाल्लंस."

रेवती पडद्याजवळ वाकली. तिचं लक्ष दुसरीकडंच गेलं होतं. प्रत्येक थवा खालच्या अंगाला जास्त दाट होता आणि तिथं आईच्या रेघांबरोबर आणखी कसल्यातरी रेघा होत्या. आडव्यातिडव्या, जोर लावून ओढलेल्या. सगळ्यात आतल्या थरात त्या जमिनीजवळ होत्या, नुसते टोचे आणि फराटे. त्यावरच्या थरात थोड्या वर. त्याच्या वरच्यात आणखी वर. मूल उभं राहिलं होतं, वाढत होतं, भिंतीवर चढत होतं.

"ह्या माझ्या?"

"मग काय सरांच्या?"

आता थरदर्शीचं आणखी एक कसब सांगायला हवं. कोळशाच्या एका रेघेवरून दुसरी रेघ नेली, की दुसरी रेघ पहिलीचे कण थोडे ओढत नेते, चिखलातून बैलगाडी गेली की आधीची चाकोरी विस्कटते तसं. त्यावरून कोणती रेघ आधीची, कोणती नंतरची ते कळतं. पुलांच्या कामात कोणती भेग जुनी ते याच युक्तीनं शोधतात. रेवतीनं आधीच्या रेघांना निळा रंग दिला, नंतरच्यांना लाल.

लहान रेघा निळ्या झाल्या. आईच्या लाल.

तिनं दुसरं पाखरू घेतलं. तेच. मोर घेतला. तेच. टोपीवाल्याची टोपी आधी होती. एक वेडावाकडा त्रिकोण, निळा. त्याच्याखाली आईनं शिपाई बसवला होता.

"आई, ह्या तर सगळीकडं माझ्या रेघा आधी आहेत."

हेमलताबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हो की. तू 'मी, मी' करायचीस. कोळसा हिसकावून घ्यायचीस आणि ओढायचीस काहीतरी. मग त्यातनं मला पाखरू शोधायला लागायचं. कुठं चोच दिसते, कुठं पाठ दिसते. हात उचलून चालायचं नाही, तू म्हणायचीस उडून जाईल." त्या थांबल्या. "आणि पाय तू लावायचीस. एक पाय झाला की मी म्हणायचे, आ कर. तू आ केलास की मी घास घालायचे. तोवर दुसऱ्या पायाचं विसरायला व्हायचं, की चला पुढचं पाखरू."

मग दोघींनी एकदमच समोरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं कुठल्याशा बँकेचं कॅलेंडर होतं आणि त्यावर हेमलता नलवडे यांचं प्रसिद्ध पाखरू, एका पायावर उभं.

रेवती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "आई, ह्याच्यावर त्यांनी लेख लिहिलाय! आठ पानं! घर-संसारानं अडवलेला पाय! तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं?" हेमलताबाई खरोखरच चकित झाल्या होत्या. "लोक विचारायचे, एकच पाय का? मी म्हणायचे, तसाच येतो. खरंच तसाच यायचा गं. दुसरा काढायला गेलं की हातच थांबायचा. मला वाटायचं, माझीच काहीतरी खोड."

मांडणीमागची भिंत राहिली होती. दोघींनी मिळून डबे उतरवले आणि मांडणी सरकवली. इथं पाखरं कमी होती. पण रेवतीला काहीतरी वेगळं दिसलं. कोळसा नव्हे, चुनाच नव्हता. एका वर्षाच्या थरात चुन्याला भोक होतं, बरोबर एका चिमणीच्या आकाराचं. कुंचला चिमणीच्या कडेकडेनं फिरवला होता आणि तिला मोकळं सोडलं होतं. पुढच्या दिवाळीला ती चिमणी झाकली होती, पण दुसरं एक पाखरू सोडलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. दर साली एक पाखरू मांडणीच्या आडोशाला वर्षभर राखलं होतं.

"बाबा," रेवती म्हणाली.

हेमलताबाईंनी भिंतीला हात लावला. ऑइलपेंटचा थंड गुळगुळीत हिरवा रंग. "मला म्हणायचे, सगळं पुसलं बरं का, स्वच्छ," त्या म्हणाल्या. "गणिताचे मास्तर. आणि हे असं."

बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. बाहेर रस्त्यावरून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला.

तेव्हा रेवतीनं विचारलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य, पण बाहेर आलं ते अगदी साधं होऊन.

"आई, माझ्यामुळं थांबलीस ना तू?"

हेमलताबाई वळल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"एका बाईनं. मी नऊ वर्षांची होते. पेढे वाटत होते."

"आणि तू आजपर्यंत..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. पाटावर बसल्या, रेवतीलाही बसवलं. "खोटं बोलत नाही तुझ्याशी. रंग वाळले माझे. एकदा ट्यूब उघडली तर आत नुसता खडू. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. तू लहान होतीस, घरात आजी अंथरुणाला, सरांच्या शिकवण्या. मोठं चित्र काढायला सलग दुपार लागते आणि दुपार माझी नव्हती. त्या बाईला जे वाटलं ते मलाही वाटलेलं आहे. नाही कशाला म्हणू?"

रेवतीनं मान हलवली.

"पण पुढं तू शाळेत रमलीस आणि मी कागद घेऊन बसले, तेव्हा माझी कॉलेजातली रेघ यायचीच नाही. सरळ काढायला जायचे आणि ती अशीच चालायची, फिरत फिरत. मला वाटलं, हात बिघडला. भीती वाटली. मग म्हटलं, चालतेय तर चालू दे." त्यांनी पडद्यावरच्या निळ्या रेघांवर बोट ठेवलं. "आज कळतंय कुणाची होती ती."

---

मल्हार दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच आला. रेवतीनं सगळे थर आदल्या रात्रीच पाठवले होते आणि त्यानं ते हस्तालेखला दाखवले होते. त्यानं टॅबलेट उघडून आलेख पुढं केला.

"हे बघा ताई. हा तुमचा हात, १९९८ चा. हा २००६ चा. मधे खड्डा होता. आता भिंत घातल्यावर..." खड्ड्याच्या जागी एक सलग वळण होतं, वर्षावर्षानं वाकत गेलेलं. त्याच्या खालून दुसरी एक बारीक रेघ वर येत होती. "ही रेवतीताईंची. तुमची रेघ हिच्याकडं सरकत जाते. त्या साधारण पाच वर्षांच्या असताना दोन्ही एकमेकींना भेटतात. आघात वगैरे काही नाही. शिकवणी चालली होती तिथं."

"फी दिली नाही मी," हेमलताबाई म्हणाल्या.

मल्हार हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "माझं दालन चुकलं. मूल नसतं तर काय झालं असतं, एवढंच मी यंत्राला विचारलं. मूल असल्यामुळं काय झालं, हे विचारायचं सुचलंच नाही. ती बावीस चित्रं मी काढून टाकतो."

"टाकू नका हो. चांगली आहेत. दोरीवर एकदोन दुपटी घालायला सांगा तुमच्या यंत्राला आणि मग बघा काय होतं त्याचं. लुगडी वाळायची नाहीत त्याची."

मग तो मुद्द्यावर आला. भिंत जपायला हवी. संग्रहालयाकडं तज्ज्ञ होते. एवढा भाग चौकोनी कापून, पोलादी चौकटीत बसवून अलगद पुण्याला नेता आला असता.

"आणि मी मांडणी कुठं ठेवू?" हेमलताबाईंनी विचारलं.

"आई, नवी भिंत बांधून देतील."

"नव्या भिंतीत सरांची चिमणी असेल काय?"

शेवटी ठरलं, भिंत जागेवर राहील. त्या दालनात थरांच्या प्रतिमा लावायच्या, खऱ्या मापाच्या, जमिनीपासून खऱ्या उंचीवर. म्हणजे सगळ्यात जुना थवा बघायला मोठ्यांना उकिडवं बसावं लागेल आणि पोरांना तो उभ्या उभ्या दिसेल. मल्हारला ही कल्पना इतकी आवडली, की तो तिथंच फरशीवर उकिडवा बसून अंदाज घ्यायला लागला.

"पाटीवर नाव?" त्यानं खालूनच विचारलं.

"दोघींचं. तिचं आधी."

"आई, काहीतरीच काय!" रेवती म्हणाली. "लोक हसतील. मी फराटे मारत होते. मला भूक नव्हती म्हणून."

"मलाही चित्र काढायचं नव्हतं. तू जेवावंस म्हणून काढत होते. रेघ आधी कुणाची आहे? तुझ्याच यंत्रानं सांगितलं ना?"

"ते पुलांसाठी आहे यंत्र."

"मग मान की त्याचं. पुलावरनं माणसं जातात तुझ्या शब्दावर, आणि हे मानवत नाही?" त्या मल्हारकडं वळल्या. "लिहा. रेवती नलवडे, वय वर्षं एक ते सात. आणि मग मी. असं असेल तर सही देते, नाहीतर ट्रंका परत पाठवा माझ्या."

मल्हारनं रेवतीकडं पाहिलं. तिला 'नको' म्हणायचं होतं. पण त्या कोल्हापूरच्या हॉलमध्ये, चित्रापुढं पेढ्यांचं ताट धरून उभी असलेली फ्रॉकमधली मुलगी तिला दिसली. ती मुलगी पाटी वाचत होती.

"लिहा," रेवती म्हणाली.

मल्हार संध्याकाळी गेला. त्याला निरोप देऊन दोघी आत आल्या तेव्हा मांडणी अजून बाजूलाच होती, डबे ओट्यावर तसेच.

"सकाळपासून पोटात काय आहे तुझ्या?" हेमलताबाईंनी विचारलं.

"चहा."

"चहा म्हणजे जेवण नव्हे. बस."

रेवतीचा पूल तपासायचा राहिला होता, फोन करायचे होते, अहवाल पाठवायचा होता. ती बसली. हेमलताबाईंनी मऊ भात कालवला, वर तूप, वर मेतकूट. ताट घेऊन समोरच्या पाटावर टेकल्या. मग कसलीशी आठवण होऊन गुडघ्यावर हात देत उठल्या, खोलीतल्या टेबलाच्या खणातून कोळशाची कांडी घेऊन आल्या आणि रेवतीच्या हातात दिली.

"ऑइलपेंटवर उठायचा नाही," रेवती म्हणाली.

"वर डिस्टेंपर आहे की. आता उंची आहे तुझी."

रेवती गुडघ्यांवर उभी राहिली. काय काढावं ते सुचेना. मग तिनं डोळे मिटल्यासारखे करून एक रेघ ओढली, आडवी, मधेच वाकडी, शेवटी उगाच वर गेलेली. हेमलताबाईंनी मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं. कांडी घेतली. रेघेच्या टोकाला चोच लावली, वाकड्या जागेतून पाठ काढली, हात न उचलता शेपूट फिरवून आणलं. कावळा झाला. जरा जाडा आणि फार हुशार दिसणारा.

कांडी परत रेवतीकडं आली. तिनं एक पाय काढला. दुसऱ्यासाठी हात टेकवला आणि आईकडं पाहिलं.

हेमलताबाई घास घेऊन तयारच होत्या.

"काढ की दुसरा," त्या म्हणाल्या. "आता काय घाई आहे?"

"राहू दे," रेवती म्हणाली आणि तिनं आ केला.